चुंबकमापनातील भरपाई आणि संस्कार

इंग्रजीतील शास्त्रीय वाङ्मयात 'कॉम्पेन्सेशन' आणि 'करेक्शन' हे दोन शब्द निरनिराळ्या अर्थांनी योजिले जातात. मराठीत मात्र या दोहोंचे काम पुष्कळदा 'दुरुस्ती' या एकाच शब्दावर भागविले जाते. हा केवळ भाषेच्या सोयीचा प्रश्न असता, तर त्याची विशेष दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणांच्या इतिहासात नेमक्या याच भेदावरून एक मोठा वाद झाला, आणि त्या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न आजच्या संवेदकांच्या बाबतीतही तसाच उभा राहतो. म्हणून प्रारंभीच दोन शब्दांची वाटणी करून घेणे इष्ट आहे. उपकरणात शिरलेल्या दोषाच्या विरुद्ध तेवढ्याच बळाचा दुसरा परिणाम उपकरणातच निर्माण करून दोष दिसेनासा करणे, ही 'भरपाई' होय. दोष जसाच्या तसा राहू देऊन, त्याचे मान स्वतंत्रपणे ठरवून, वाचनातून तो गणिताने वजा करणे, याला 'संस्कार' म्हणता येईल.

'संस्कार' हा शब्द या अर्थाने नवा नाही. पंचांगगणितात देशांतरसंस्कार, बीजसंस्कार हे शब्द शतकानुशतके रूढ आहेत. ग्रहांच्या मध्यम स्थानांत कालांतराने पडणारे अंतर वेध घेऊन ठरवावयाचे आणि मूळ गणितात हात न घालता त्या अंतराइतका संस्कार वरून द्यावयाचा, ही बीजसंस्काराची रीत. कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या दक्षिणेस मुरुडजवळील नांदगावी केशव दैवज्ञाने असे वेध घेऊन निरनिराळ्या सिद्धांतग्रंथांशी पडणारी अंतरे नोंदविली. त्याचा पुत्र गणेश दैवज्ञ याने शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० मध्ये रचलेल्या 'ग्रहलाघवा'ला या वेधांचा आधार होता. या परंपरेतील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दिलेला संस्कार कायमचा मानला गेला नाही. पुढील काळी पुन्हा वेध घ्यावा लागेल आणि पुन्हा अंतर पाहावे लागेल, हे त्यात गृहीत होते. संस्कारही जुना होतो. चुंबकमापनात ही जाणीव बऱ्याच उशिरा, आणि बरीच किंमत मोजून आली.

चुंबकीय क्षेत्राचा जुन्यात जुना संवेदक म्हणजे होकायंत्राची सुई. तिला केवळ दिशा समजते, क्षेत्राचे बल समजत नाही. तरीही तिच्या दोषांचे शास्त्र हेच पुढील सर्व शास्त्राचे मूळ आहे. लाकडी जहाजांवर लोखंड थोडे असे. पण तेवढेही पुरेसे होते. मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज नाविक १८०१ ते १८०३ या काळात 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजातून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याची पाहणी करीत असता त्याच्या ध्यानात आले की, जहाजाचे तोंड फिरविले की किनाऱ्यावरील त्याच खुणेची होकायंत्रावरील दिशा बदलते. त्याची दुसरी नोंद अधिक महत्त्वाची होती. उत्तर गोलार्धात सुईचे उत्तर टोक ज्या बाजूस ओढले जाई, दक्षिण गोलार्धात त्याच्या उलट बाजूस ओढले जाई. यावरून त्याने असे अनुमान केले की, जहाजावरील उभे लोखंड हे स्वतःचे असे कायमचे चुंबक नसून, पृथ्वीच्या क्षेत्राचा जो उभा घटक असतो त्याच्या योगाने ते तेवढ्यापुरते चुंबकित होते. आणि उभ्या घटकाची दिशा दोन गोलार्धांत उलटी असल्यामुळे परिणामही उलटा होतो. यावर त्याने सुचविलेला उपाय म्हणजे होकायंत्राजवळ, जहाजातील लोखंडाच्या विरुद्ध बाजूस, नरम लोखंडाचा एक उभा दांडा बसविणे. ज्या कारणाने दोष उद्भवतो त्याच कारणाने भरपाईही उद्भवावी, म्हणजे जहाज कोणत्याही अक्षांशावर गेले तरी दोन्ही बरोबरच वाढतील आणि बरोबरच घटतील, ही त्यामागील कल्पना. भरपाईच्या तंत्रातील हे पहिले शहाणपण होय, आणि ते फ्लिंडर्सचे आहे. हा दांडा आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. मात्र तो सर्रास वापरात येण्यास त्याच्या मृत्यूनंतर अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.

मधल्या काळात जहाजेच लोखंडाची होऊ लागली, आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. लोखंडी जहाज बांधताना त्याच्या पत्र्यांवर महिनोन्महिने घणाचे घाव पडत असतात. पृथ्वीच्या क्षेत्रात लोखंड असे ठोकले गेले की त्यात बऱ्यापैकी टिकाऊ चुंबकत्व उतरते, आणि बांधणीच्या वेळी जहाजाचे तोंड ज्या दिशेस असेल त्यावर त्याची दिशा अवलंबून राहते. अशा जहाजावर सुईचे विचलन दोनचार अंशांवर न राहता कित्येक दशांश अंशांपर्यंत नव्हे, तर चांगले वीस-पंचवीस अंशांपर्यंत आणि कधी त्याहूनही पुढे जाई. ब्रिटनचा राजज्योतिषी जॉर्ज एअरी याने १८३८ मध्ये 'रेनबो' या लोखंडी आगबोटीवर डेप्टफर्ड येथे प्रयोग केले. जहाज सर्व दिशांस फिरवून त्याने विचलने मोजली, प्वासाँच्या सिद्धांताच्या आधारे त्यांची फोड केली, आणि होकायंत्राच्या आसपास कायम चुंबकांच्या कांबी व नरम लोखंड बसवून विचलन जवळजवळ नाहीसे करून दाखविले. हा प्रयोग खरोखरच दिपवून टाकणारा होता. व्यापारी जहाजांच्या मालकांनी तो उचलून धरला. आरमाराच्या होकायंत्र-समितीने मात्र वेगळी वाट धरली. जहाजावर शक्य तितकी लोखंडापासून दूर अशी एक जागा निवडावयाची, तेथे एक उत्तम होकायंत्र ठेवावयाचे, जहाज फिरवून प्रत्येक दिशेचे विचलन कोष्टकात मांडावयाचे आणि प्रत्येक वाचनास त्या कोष्टकातून संस्कार द्यावयाचा. एअरीची ती भरपाई, आणि आरमाराचा तो संस्कार.

दोहोंतील फरक समजण्यासाठी थोडे गणित पाहणे अवश्य आहे. आर्चिबाल्ड स्मिथ याने १८४३ नंतर प्वासाँच्या समीकरणांना व्यवहारोपयोगी रूप दिले. जहाजाच्या तोंडाची होकायंत्रावरील दिशा 'द' मानली, तर विचलने फार मोठी नसताना

विचलन = अ + ब ज्या द + क कोज्या द + ड ज्या २द + इ कोज्या २द

असे लिहिता येते. यातील ब आणि क या पदांमुळे होणारे विचलन जहाज एक पूर्ण फेरा घेईपर्यंत एकदा एका बाजूस आणि एकदा दुसऱ्या बाजूस जाते. त्यास अर्धवर्तुळी विचलन म्हणता येईल. ड आणि इ यांचे विचलन एका फेऱ्यात दोनदा उलटते. हे दुसरे विचलन आडव्या नरम लोखंडामुळे होते. सुईला उत्तरेस धरून ठेवणारे बल आणि तिला बाजूस ओढणारे हे प्रवर्तित बल, दोन्ही पृथ्वीच्या क्षैतिज घटकाच्या प्रमाणातच असल्याने त्यांचे गुणोत्तर सर्वत्र तेच राहते. म्हणून ड आणि इ यांची भरपाई एकदा केली की जगाच्या पाठीवर कोठेही चालते. होकायंत्राच्या दोन्ही बाजूंस जे नरम लोखंडाचे गोळे दिसतात त्यांचे काम हेच.

खरी अडचण ब आणि क यांची आहे. त्यांत दोन कारणे मिसळलेली असतात. एक, जहाजाचे कायम चुंबकत्व. त्याचे विचलन पृथ्वीच्या क्षैतिज घटकाच्या व्यस्त प्रमाणात असते. दुसरे, उभ्या लोखंडातील प्रवर्तित चुंबकत्व. त्याचे विचलन नतीच्या स्पर्शज्येच्या प्रमाणात असते. बंदरात उभे असलेले जहाज कितीही वेळा फिरविले तरी ही दोन कारणे वेगळी करता येत नाहीत, कारण त्या एका जागी क्षैतिज घटकही एकच आणि नतीही एकच. मोजमापात मिळते ती दोहोंची बेरीज. ही बेरीज एखाद्या कायम चुंबकाच्या कांबीने शून्य करता येते; पण कांबीला पहिल्या कारणाचाच नियम लागू असतो, दुसऱ्याचा नव्हे.

याचा परिणाम किती होतो हे एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. समजा, लिव्हरपूल येथे एखाद्या जहाजावर उभ्या लोखंडामुळे पाच अंशांचे विचलन आहे, आणि ते चुंबकाच्या कांबीने पूर्ण नाहीसे केले आहे. लिव्हरपूलची नती स्थूलमानाने सत्तर अंश, तिची स्पर्शज्या पावणेतीनच्या आसपास. तेच जहाज मेलबर्नला पोचते तेव्हा नती उलट बाजूस सुमारे सदुसष्ट अंश असते, आणि उभ्या लोखंडाचे विचलन पाच अंशांऐवजी उलट दिशेने सव्वाचार अंशांवर जाते. कांबीचा परिणाम मात्र उलटत नाही. क्षैतिज घटक मोठा झाल्यामुळे तो थोडासा, पावणेचार अंशांच्या आसपास, उतरतो एवढेच. दोन्ही आता एकाच बाजूस ओढतात, आणि चूक सुमारे आठ अंशांची होते. कांब बसविली नसती तर ती सव्वाचार अंशांची राहिली असती. म्हणजे जी भरपाई निघण्याच्या बंदरात निर्दोष होती तिनेच दुसऱ्या टोकाला दोष जवळजवळ दुप्पट केला. आणि कप्तानाची तर अशी समजूत, की आपले होकायंत्र शुद्ध आहे.

१९ जानेवारी १८५४ रोजी 'टेलर' हे नवे लोखंडी जहाज लिव्हरपूलहून मेलबर्नकडे निघाले, आणि दोनच दिवसांनी डब्लिनजवळच्या लॅम्बे बेटावर आदळून फुटले. साडेसहाशेंवर माणसांपैकी तीनशेहून अधिक बुडाली. जहाजावरील होकायंत्रांची एकवाक्यता नव्हती, आणि ती सर्व निघण्यापूर्वी 'शुद्ध' करून घेतलेली होती. अपघातास इतरही कारणे होती. नवखे खलाशी आणि जहाजाच्या मानाने लहान सुकाणू यांचाही उल्लेख केला जातो. तेव्हा सर्व दोष होकायंत्राच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. तथापि विल्यम स्कोर्सबी याने त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनच्या लिव्हरपूल अधिवेशनात हा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला. स्कोर्सबी हा पूर्वाश्रमीचा देवमाशांच्या शिकारीवरील कप्तान, पुढे धर्मोपदेशक झालेला, आणि चुंबकत्वाचा जन्मभराचा अभ्यासक. त्याचे म्हणणे असे की, नव्या जहाजाचे चुंबकत्व मुळी कायम नसतेच. समुद्रावर लाटांचे तडाखे बसू लागले की घणाने आत ठोकलेले चुंबकत्व पुन्हा हलू लागते. बंदरातील शांत पाण्यात बसविलेली कांब मग कशाची भरपाई करणार? एअरीने या आक्षेपाचा जोरदार प्रतिवाद केला. वाद वृत्तपत्री झाला, पण स्कोर्सबी केवळ लिहून थांबला नाही. १८५६ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षाच्या सुमारास, तो 'रॉयल चार्टर' या लोखंडी जहाजातून ऑस्ट्रेलियाला गेला आणि डेकवरील होकायंत्रांची तुलना मास्तावर उंच, लोखंडापासून दूर टांगलेल्या होकायंत्राशी करीत राहिला. जहाजाचे चुंबकत्व वाटेत पालटले हे त्याने दाखवून दिले. परत आल्यावर थोड्याच महिन्यांत, १८५७ मध्ये, तो वारला. त्याचा वृत्तान्त पुढे आर्चिबाल्ड स्मिथनेच संपादून प्रसिद्ध केला.

या वादात स्कोर्सबी बरोबर आणि एअरी चूक, असा निकाल देऊन मोकळे होण्याचा मोह अनेकांना झालेला आहे. तो पुरता न्याय्य नाही. भौतिकीच्या दृष्टीने स्कोर्सबीची बाजू बळकट होती खरी. परंतु आरमाराचा कोष्टकसंस्कार ज्या जहाजावर शिकलेले अधिकारी आणि फुरसत दोन्ही आहेत तेथेच नांदू शकत होता. वादळी रात्री, भिजल्या कागदावरील कोष्टक पाहून, विचलन कोणत्या बाजूस मिळवावयाचे आणि कोणत्या बाजूस वजा करावयाचे हे ठरविणे व्यापारी गलबताच्या सुकाणूवाल्यास कसे साधावे? शिवाय विचलन फार मोठे असेल, तर काही दिशांना सुईवरील उत्तराभिमुख बलच इतके क्षीण होते की ती सुस्तावते, आणि सुस्त सुईच्या वाचनाला कोणताही संस्कार उपयोगी पडत नाही. अखेरीस जी रीत रूढ झाली ती दोहोंचा मिलाफ होती. विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढील काळचा लॉर्ड केल्व्हिन, याने १८७६ मध्ये पेटंट घेतलेल्या होकायंत्रात रेशमी धाग्यांवर तोललेल्या आठ आखूड सुया होत्या. सुया आखूड असल्यामुळे भरपाईचे गोळे बेताच्या आकाराचे चालू लागले. कायम चुंबकत्वासाठी चुंबक, आडव्या नरम लोखंडासाठी गोळे, उभ्या लोखंडासाठी फ्लिंडर्सचा दांडा, अशी प्रत्येक कारणासाठी त्याच जातीची भरपाई एकाच स्तंभात बसविली गेली. ती हलविता येण्याजोगी ठेवली गेली. आणि उरलेल्या विचलनाचे कोष्टक लिहिण्याची चाल कायम राहिली. जहाज चुंबकीय विषुववृत्तावरून जात असता नती शून्य होते आणि उभ्या लोखंडाचा परिणाम आपोआप लोपतो. तेव्हा जे अर्धवर्तुळी विचलन उरते ते निव्वळ कायम चुंबकत्वाचे. भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाणाऱ्या जहाजांना ही संधी आयतीच मिळे.

आता आधुनिक संवेदकांकडे वळावयाचे. फ्लक्सगेट चुंबकमापकात उच्च पार्यतेच्या मिश्रधातूचा एक गाभा असतो. प्रत्यावर्ती प्रवाहाने तो आळीपाळीने दोन्ही दिशांस संपृक्त केला जातो. बाहेरचे क्षेत्र नसेल तर दोन्ही अर्धे सारखे असतात. क्षेत्र असेल तर ती सममिती मोडते आणि भोवतालच्या वेटोळ्यात दुप्पट वारंवारतेचा संकेत उमटतो. असे तीन संवेदक परस्परांशी काटकोनात बसविले की क्षेत्राचे तिन्ही घटक मिळतात. निदान तशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात प्रत्येक अक्षाचे शून्य थोडे सरकलेले असते, प्रत्येकाचे मोजप्रमाण थोडे निराळे असते, आणि तीन काटकोनांपैकी एकही नेमका काटकोन नसतो. शून्यदोष तीन, प्रमाणदोष तीन, कोनदोष तीन, अशा नऊ संख्या ठरविल्याखेरीज वाचन विश्वासार्ह होत नाही. कोनदोष दिसावयास क्षुल्लक असतो. परंतु ४०,००० नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात अक्ष केवळ एका कलेने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने, तिरपा झाला तर आडव्या घटकात सुमारे १२ नॅनोटेस्लाची चूक शिरते. आणि शांत दिवशी सूर्यामुळे होणारा क्षेत्राचा दैनिक चढउतारच काही दशक नॅनोटेस्लाचा असतो.

या नऊ संख्या शोधण्याची एक सुंदर रीत आहे. पृथ्वीचे क्षेत्र जेथे एकसारखे आहे अशा जागी संवेदक सर्व बाजूंनी फिरवावा. संवेदक कसाही फिरविला तरी क्षेत्राचे एकूण बल तेच राहते. म्हणून तीन घटकांची वाचने अवकाशात मांडली तर त्यांचा एक गोल व्हावयास हवा, आणि त्याचे केंद्र मूळबिंदूवर हवे. शून्यदोष असला, किंवा संवेदकाला एखादा चुंबकित स्क्रू चिकटलेला असला, तर गोलाचे केंद्र सरकते. प्रमाणदोष, कोनदोष किंवा जवळचे नरम लोखंड असले, तर गोलाचा लंबगोल होतो. लंबगोल पुन्हा गोल करणारे आणि केंद्र मूळबिंदूवर आणणारे गणित, हाच येथे संस्कार. खिशातील दूरध्वनीचे होकायंत्र शुद्ध करण्यासाठी तो हवेत इंग्रजी आठच्या आकाराने फिरवावा लागतो, त्यामागील तत्त्व हेच. स्मिथच्या सूत्राची येथे सहज आठवण व्हावी. केंद्राचे सरकणे ही ब आणि क यांचीच, आणि गोलाचा लंबगोल होणे ही ड आणि इ यांचीच त्रिमितीतील रूपे आहेत.

या रीतीच्या मर्यादाही जुन्याच आहेत. एकूण बल समान राहते एवढ्याच अटीवर ती उभी असल्यामुळे, तिन्ही अक्ष मिळून सबंध संवेदकच जर आपल्या पेटीत किंचित वळून बसला असेल, तर ते तिला कळण्याचा मार्ग नाही. गोल कसाही वळविला तरी गोलच राहतो. त्यासाठी दिशेचा स्वतंत्र, बाहेरचा पुरावा लागतो. वेधशाळेत दूरवरील एक दगडी खूण तो पुरावा देते. २३ फेब्रुवारी १९९९ रोजी सोडण्यात आलेल्या 'अर्स्टेड' या डॅनिश उपग्रहावर तो ताऱ्यांनी दिला. उपग्रहाच्या विद्युत्-यंत्रणेपासून दूर राहावे म्हणून आठ मीटर लांबीच्या दांड्यावर चुंबकमापक बसविलेले होते; टोकास क्षेत्राचे केवळ बल अचूक मोजणारा प्रोटॉन-जातीचा मापक, त्याच्या अलीकडे त्रिघटकी फ्लक्सगेट, आणि फ्लक्सगेटशी घट्ट जोडलेला, ताऱ्यांची छायाचित्रे घेणारा कॅमेरा. बलासाठी एक साक्षीदार, दिशेसाठी दुसरा. विशेष म्हणजे हा संस्कार एकदाच देऊन भागले नाही. कक्षेत गेल्यावर तो प्रत्यक्ष वाचनांवरून वेळोवेळी नव्याने काढला जात असे.

तापमानाचा दोष हा याहून चिवट. चांगल्या फ्लक्सगेटमध्ये बाहेरचे क्षेत्र वेटोळ्यातील प्रवाहाने तंतोतंत शून्य केले जाते आणि त्या प्रवाहावरून क्षेत्राचे मान काढले जाते. त्यामुळे गाभ्याचे बरेचसे दोष निष्प्रभ होतात. पण ते जातात कोठे? ते वेटोळ्याकडे जातात. तांब्याचे वेटोळे तापमान एक अंश सेल्सिअस वाढले की आपल्या लांबीच्या दहा लाखांत सतरा भागांनी वाढते. तेवढ्यानेच ४०,००० नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात सुमारे ०.७ नॅनोटेस्लाचा फरक पडतो. दिवसभरात दहा अंशांचा चढउतार झाला तर सातांचा. आणि हा फरक सूर्याबरोबर उगवतो व सूर्याबरोबर मावळतो, म्हणजे ज्या दैनिक बदलाचा अभ्यास करावयाचा त्याचेच सोंग घेऊन येतो. येथे उपाय पुष्कळ आहेत. वेटोळे क्वार्ट्झ किंवा सिरॅमिकच्या साच्यावर बसवावे. मापक जमिनीखालील, तापमान न हलणाऱ्या खोलीत ठेवावा. किंवा तापमान वेगळे मोजून संस्कार द्यावा. शेवटच्या उपायात एक खाच आहे. तापमापक आणि वेटोळे एकाच वेगाने तापत नाहीत. सावकाश बदलणाऱ्या हवेत जो संस्कार अचूक ठरतो, तोच ढग सरून अचानक ऊन पडले की चुकीचा ठरतो. प्रयोगशाळेत मंदगतीने तापवून काढलेला तापमानगुणक मैदानात तसाच वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना हा अनुभव हमखास येतो, आणि बहुधा ते दोष उपकरणाला देतात.

दोषाचे कारण ठाऊक नसतानाही त्याला पकडण्याची एक युक्ती मात्र आहे: उलटापालट. मोजावयाची राशी किंवा दोष, या दोहोंपैकी एकाचेच चिन्ह बदलता आले, तर दोन वाचनांच्या सरासरीत किंवा वजाबाकीत दोष गळून पडतो. वेधशाळेत दिक्पात आणि नती मोजण्यासाठी अचुंबकीय थिओडोलाइटच्या दुर्बिणीवर फ्लक्सगेट बसवितात आणि दुर्बीण उलटसुलट करून चार स्थितींत वाचने घेतात. चौघांच्या सरासरीत फ्लक्सगेटचा शून्यदोष आणि दुर्बिणीशी त्याचा तिरपेपणा दोन्ही नाहीसे होतात. हॉल-संवेदकात प्रवाह देणारी आणि दाब मोजणारी टोके अदलाबदल करतात. क्षेत्राचा संकेत तसाच राहतो, दोषाचे चिन्ह बदलते. पातळ चुंबकीय पटलाच्या संवेदकात एका जोरकस क्षणिक प्रवाहाने पटलाचे चुंबकनच उलटवितात. तेथे संकेत उलटतो आणि दोष स्थिर राहतो. या सर्व युक्त्यांची अट एकच, की दोन वाचनांच्या दरम्यान क्षेत्र बदलता कामा नये. चार स्थितींना काही मिनिटे लागतात आणि क्षेत्र तेवढ्यात बदलतेच. म्हणून शेजारी अखंड नोंद घेणारा दुसरा मापक लागतो.

ज्या दोषाचा कोणताही नियम सांगता येत नाही, त्याची भरपाईही होत नाही आणि त्याला संस्कारही देता येत नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेवर विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रसंग आला. तेथे १८४१ पासून भूचुंबकीय निरीक्षणे चालू होती. शहरात विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरले तेव्हा प्रश्न उभा राहिला. ट्रामचा प्रवाह केव्हा वाढेल, केव्हा घटेल आणि जमिनीतून कोणत्या वाटेने परतेल याला ठराविक सूत्र नव्हते. त्या वेळचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत समुद्रापलीकडे अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या इमारती पोरबंदरच्या अचुंबकीय दगडाच्या आहेत, हेही अर्थपूर्ण आहे. ज्याची भरपाई करावी लागू नये ते मुळात आतच येऊ न देणे, हा उपाय सर्वांत जुना आणि सर्वांत विश्वासू. मात्र जागा बदलल्याने साठ वर्षांची मालिका तुटणार होती. दोन ठिकाणच्या खडकांचे चुंबकत्व सारखे नसते, आणि त्यामुळे क्षेत्राचे मूळ मानही सारखे नसते. म्हणून १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली आणि कुलाब्याची मालिका अलिबागच्या मालिकेस जोडण्यासाठी लागणारे अंतर ठरविण्यात आले. ट्रामगाड्या १९०७ मध्ये विजेवर धावू लागल्या. कुलाब्याची जुनी वाचने अलिबागच्या मापात 'दुरुस्त' करून मूळ वह्या टाकून देण्यात आल्या नाहीत. मूस यांनी १९१० मध्ये त्या प्रदीर्घ मालिकेची चर्चा प्रसिद्ध केली तीही मूळ निरीक्षणांसह.

त्या वह्यांत २ सप्टेंबर १८५९ चे पान आहे. त्या दिवशी आजवरच्या ज्ञात चुंबकीय वादळांपैकी एक अतिप्रचंड वादळ पृथ्वीवर कोसळले, आणि कुलाब्याच्या निरीक्षकाने डोळ्यांनी वाचन घेत क्षैतिज घटकाची घसरण लिहून ठेवली. नंतरच्या काळात कोणी ते पान पाहिले असते, तर इतका मोठा उतार हा उपकरणाचा दोष समजून तो सरासरीत मिसळून टाकणे अगदी स्वाभाविक होते. तसे झाले नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात भारतीय भूचुंबकत्व संस्थानातील संशोधकांचा सहभाग होता. त्यात ही घसरण सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची काढण्यात आली, आणि त्या वादळाच्या तीव्रतेच्या अंदाजास आधार म्हणून कुलाब्याची ही नोंद घेतली गेली. ती घसरण अवकाशातील कोणत्या प्रवाहामुळे झाली याविषयी अभ्यासकांत अद्याप मतभेद आहेत, आणि वाचने मूळ रूपात असल्यामुळे ती पुन्हा तपासता येत आहेत.